पानावरची लव बघा, मग फवारणीचं ठरवा

कपाशीच्या दोन वेगळ्या वाणांची पानं शेजारी धरा आणि खालच्या बाजूने अंगठा फिरवा. एक पान मेणकापडासारखं गुळगुळीत लागेल, दुसरं नव्या कोऱ्या टॉवेलसारखं. ऑगस्टमध्ये या दोन वाणांच्या शेतांत पानाचा रस शोषणारे तुडतुडे कमीजास्त दिसतात, त्याचं एक मोठं कारण अंगठ्याला लागणारा हा थर असतो. ही पानावरची लव. झाड ती स्वतःच वाढवतं, तिला पैसा लागत नाही आणि ती चोवीस तास कामावर असते. नव्याने शेती किंवा परसबाग करणारे मात्र तिच्याकडे सहसा बघत नाहीत. बियाणं घेताना, कीड मोजताना आणि फवारणी करताना लव कशी बघायची आणि तिचा उपयोग कसा करायचा, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

आधी एवढं समजून घ्या

पानाच्या सालीतली एखादी पेशी बाहेर लांबत जाते, कधी तिच्यावर आणखी पेशी चढतात आणि केस तयार होतो. आपण वेचतो तो कापूसही असाच बनतो. सरकीच्या सालीतली एकेक पेशी लांबून तिचा धागा होतो.

पानावरच्या केसांचे कामापुरते दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला साधा केस. तो सुईसारखा सरळ, आकड्यासारखा वाकडा किंवा एका बुडातून अनेक फाटे फुटलेला असतो. तो किडीला चालू देत नाही, सोंड पानापर्यंत पोचू देत नाही, अंडी घालायला जागा देत नाही. दुसरा ग्रंथीचा केस. त्याच्या टोकाला थेंबासारखी गाठ असते आणि तिच्यात चिकट, आंबट, उग्र वासाचा किंवा विषारी रस भरलेला असतो. तुळस, पुदिना, पानओवा चुरगाळल्यावर येणारा वास या गाठी फुटल्याचा. कपाशीत मुख्य काम साध्या केसांचं, हरभऱ्यात ग्रंथीच्या केसांचं आणि टोमॅटोवर दोन्ही असतात. आपल्या पिकावर कोणती लव आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.

लागणारं साहित्य

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या. सोनार वापरतात तेच चालतं. जाड पुठ्ठ्यात ब्लेडने ५ मिमी × ५ मिमी चौकोनी खिडकी कापा. कडा सरळ हव्यात, कारण मोजणी तिच्यावरच अवलंबून आहे. काळ्या कागदाचा तुकडा, ड्रॉपर, थोडं स्वच्छ पाणी आणि वही. मोबाइलला जोडायची मॅक्रो भिंगं मिळतात, ती चालतात. पण सुरुवात साध्या भिंगाने करा, हात लवकर बसतो.

पान कोणतं घ्यायचं

बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. पान कोवळं असतानाच त्यावरच्या केसांची संख्या जवळजवळ ठरून जाते. पुढे पान पसरतं, केस तेवढेच राहतात, म्हणून दाटी कमी होत जाते. शेंड्याचं कोवळं पान बघितलं तर गुळगुळीत वाणही लवदार वाटेल, आणि बुडाचं जून पान बघितलं तर लवदार वाणही बोडकं वाटेल.

कपाशी आणि भेंडीत शेंड्याकडून तिसरं किंवा चौथं पूर्ण उघडलेलं पान घ्या. पीक ४५ ते ६० दिवसांचं असताना बघा. शेताच्या कडेच्या दोन-तीन ओळी सोडा, कारण रस्त्याकडच्या झाडांवर धूळ बसलेली असते. वेगवेगळ्या ठिकाणची १० झाडं, प्रत्येकाचं एक पान. दोन वाणांची तुलना करायची असेल तर दोन्हींचं वय, पेरणीची तारीख आणि जमीन सारखी हवी, नाहीतर तुम्ही वाणाऐवजी जमिनीचा फरक मोजाल.

बघायचं कसं

घडी: पान मुख्य शिरेला आडवं दुमडा, खालची बाजू बाहेर ठेवा आणि दुमडलेली कड उजेडाकडे धरा. कडेवर केस ओळीने उभे दिसतात. लांबीचा अंदाज इथे सगळ्यात चांगला येतो. केस उभे आहेत की पानाला चिकटून आडवे पडलेले, तेही बघा. तुडतुड्यांना अडवायला लांब, उभे आणि दाट केस लागतात. दाट असूनही अगदी आखूड लव असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

खिडकी: पान काळ्या कागदावर उलटं ठेवा, वर पुठ्ठ्याची खिडकी ठेवा आणि भिंगातून आतले केस मोजा. कपाशीत एका बुडातून दोन-चार फाटे निघतात. अशा वेळी फाटे न मोजता बुडं मोजा. आलेल्या आकड्याला चाराने गुणलं की एका चौरस सेंटिमीटरमधली संख्या मिळते. प्रत्येक पानावर तीन जागी मोजा, एक जागा शिरेला लागून आणि दोन शिरांच्या मधल्या पृष्ठावर. शिरेजवळचा आकडा वेगळा लिहा, कारण तुडतुड्यांची मादी अंडी शिरेतच घालते.

थेंब: पान उलटं धरून त्यावर ड्रॉपरने साध्या पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब केसांच्या टोकांवर मोत्यासारखा उभा राहिला तर फवारणीचं द्रावणही तसंच राहणार. ही नोंद ठेवा, पुढे लागेल.

बोट: पान दोन बोटांत हलकं दाबा. चिकटलं, वास आला किंवा डाग पडला तर ग्रंथीचे केस आहेत. फवारणी झालेल्या शेतात ही परीक्षा करू नका.

कपाशीच्या पानात बारीक काळे ठिपके दिसले तर ते केस समजू नका. त्या पानाच्या आतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्याच्या ग्रंथी आहेत. त्याही किडीपासून बचाव करतात, पण त्यांची गोष्ट वेगळी.

लव आहे की रोग?

पांढरं दिसलं की बुरशीनाशक, ही सवय सोडा. ओलं बोट फिरवून बघा. भुरी असेल तर पिठासारखी बोटाला लागते आणि खालचा हिरवा भाग उघडा पडतो. लव बोटाला लागत नाही, ओली होऊन आडवी पडते आणि वाळल्यावर पुन्हा उभी राहते. पिठ्या ढेकणाचा कापसासारखा पुंजका काडीने उचलला की खाली गुलाबी-पिवळसर कीड हलताना दिसते. द्राक्षाच्या पानाखाली पांढरं दिसलं तर पान वरून बघा. केवडा रोग असेल तर वरच्या बाजूला त्याच जागी तेलकट पिवळा डाग असतो. लव असेल तर वर डाग नसतो आणि ती सगळ्या पानांवर, विशेषतः शिरांवर, सारखी पसरलेली असते.

एका ठिकाणी मात्र लव हाच आजार असतो. जाई आणि तिच्या जातीच्या फुलझाडांच्या पानांवर, कोवळ्या फांद्यांवर आणि कळ्यांवर पांढऱ्या लोकरीसारखे पुंजके येतात. ती बुरशी नव्हे. डोळ्यांना न दिसणारी एक कोळीवर्गीय कीड पानाच्या सालीला डिवचते, साल अमाप केस काढते आणि कीड त्याच केसांच्या आडोशाला राहते. इथे बुरशीनाशक मारून उपयोग होत नाही. पुंजके असलेल्या फांद्या कापून जाळा आणि पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. कडक उन्हाच्या दिवसांत गंधक टाळा, पानं करपतात.

कपाशी आणि भेंडी

तुडतुड्यांची मादी पानाखालच्या शिरेत अंडी खुपसते. केस लांब आणि दाट असले की तिचा अंडी घालायचा काटा शिरेपर्यंत पोचत नाही, आणि पिल्लांना सोंड खुपसायला नीट जागा मिळत नाही. हे ज्ञान नवं नाही. दक्षिण आफ्रिकेत बार्बरटन इथे १९२०च्या दशकात तुडतुड्यांनी कपाशी नकोशी केली होती, तेव्हा लवदार झाडं निवडून ‘यू-४’ हा वाण काढला गेला आणि तिथलं पीक उभं राहिलं.

भारतात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीमधलं प्रथिन बोंडअळीसाठी आहे. तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर ते काम करत नाही. बियाण्याला लावलेलं कीटकनाशक साधारण पहिले ३०-४० दिवस सांभाळतं. त्यानंतर रसशोषक किडींसमोर झाडाचं स्वतःचं जे बळ उरतं, त्यात लव मोठी.

म्हणून बियाणं घेण्याच्या आदल्या हंगामातच गावातली दोन-तीन शेतं बघून ठेवा. पाकिटावर ‘रसशोषक किडींना सहनशील’ छापलेलं असतं. पानावर अंगठा फिरवून ते खरं आहे का ते बघा.

मग जितकी जास्त लव तितकं चांगलं का? तसं नाही, आणि हे नीट समजून घ्या. पांढऱ्या माशीला लवदार पानं आवडतात. केसांच्या बुडाशी तिला अंडी घालायला आडोसा मिळतो. हिरव्या बोंडअळीचा पतंगही गुळगुळीत पानापेक्षा लवदार पानावर जास्त अंडी घालतो, अंड्यांना तिथे पकड मिळते. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीने कपाशीचं जे नुकसान केलं, ते लक्षात ठेवा आणि आपल्या भागात दरवर्षी कोणती कीड आधी आणि जास्त येते ते विचारा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू कपाशीला तुडतुड्यांचा त्रास नेहमीचा असेल तर मध्यम ते दाट लवेचा वाण घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बागायती, दाट वाढणारं, पांढरी माशी टिकून राहणारं शेत असेल तर मध्यम लवेवर थांबा.

लवदार वाणाची आणखी एक अडचण वेचणीला येते. वाळलेल्या पानांचे तुकडे कापसाला चिकटतात आणि भाव पडतो. सकाळी दवाचा ओलसरपणा असताना पानं चुरत नाहीत, तेव्हा वेचणी सुरू करा. कापूस ओला वाटला तर साठवण्याआधी सावलीत पसरून वाळवा.

कीड मोजायची रीत अशी: आठवड्यातून एकदा, सकाळी नऊच्या आत, शेतात नागमोडी चालत एकरी २० झाडं. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान. आपली सावली पानावर पडू देऊ नका, पान देठाला धरून हळूच उलटा, नाहीतर प्रौढ तुडतुडे उडून जातात आणि आकडा खोटा येतो. पिल्लं फिकट हिरवी असतात आणि खेकड्यासारखी तिरकी चालतात. त्या चालीवरून ती चटकन ओळखू येतात. एकूण ६० पानांवर १२० ते १८० तुडतुडे, म्हणजे पानाला २ ते ३ भरले, की उपाय करायची वेळ झाली. फुलकिड्यांसाठी ही पातळी पानाला १०, पांढऱ्या माशीच्या प्रौढांसाठी ८ ते १०. लवदार पानावर पांढऱ्या माशीची पिल्लं केसांत दडतात, त्यांच्यासाठी भिंग वापराच.

पातळी ओलांडली नसेल तर थांबा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. लवेमुळे एक फवारणी वाचली तर एका माणसाची विषाशी एक गाठ टळते, हे खर्चाच्या हिशेबाच्या आधी धरा.

तुडतुड्यांचा मार आणि ‘लाल्या’ यांची गल्लत होते. तुडतुड्यांनी पानाच्या कडा खाली वळतात, आधी पिवळ्या, मग तांबूस होतात आणि सुकतात. लाल्यात पान वळल्याशिवाय शिरांच्या मधला भाग लाल होतो. मॅग्नेशिअमची कमतरता हे त्याचं एक नेहमीचं कारण. त्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे पैसा मातीत घालणं.

भेंडीवर हेच तुडतुडे येतात आणि हाच हिशेब लागतो. तिची लव तोडणाऱ्याच्या बोटांना आणि मनगटांना टोचते, खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून तोडणी करा.

टोमॅटो

टोमॅटोच्या रोपाला हात लावला की बोटं हिरवट-काळी होतात आणि साबणाने धुताना पिवळं पाणी निघतं. ग्रंथीच्या केसांतला हा रस. एका प्रकारच्या केसाला चार पेशींची गाठ असते. बारीक कीड त्यावरून चालली की गाठ फुटते, रसाचा हवेशी संबंध येऊन तो तपकिरी आणि घट्ट होतो, आणि किडीचे पाय त्यात रुततात. पतंग किंवा अळी नुसती चालून गेली आणि गाठी फुटल्या, तरी काही तासांत पानात बचावाची रसायनं तयार होऊ लागतात. टोमॅटोच्या जंगली भाऊबंदांत हे हत्यार जास्त धारदार आहे: काहींच्या रसात किडीला मारणारं द्रव्य असतं, काहींच्या केसांवर साखरेचे चिकट थेंब असतात. म्हणूनच नवे वाण काढणारे त्यांच्याशी संकर करतात.

पण फुटलेली गाठ पुन्हा भरत नाही. बांधणी, फुटवे काढणं ही कामं करताना पानं हातात चुरगळू नका. शेंडा न धरता देठ धरा. दोन ओळींत वावरायला पुरेशी जागा सोडा. सावलीत, कोंदट जागी वाढवलेल्या रोपांवर लव बहुधा विरळ राहते, म्हणून लावणीआधी आठवडाभर रोपांवरची जाळी काढून त्यांना पूर्ण ऊन द्या आणि पाणी थोडं तोडा.

चिकट लव पिकावरच्या किडी संपवणाऱ्या मित्रकिडींनाही अडवते. ट्रायकोग्रामा ही किडींच्या अंड्यांवर जगणारी गांधीलमाशी टाचणीच्या टोकाएवढी, टोमॅटोच्या पानावर ती अडखळते. क्रायसोपाच्या अळ्याही केसांच्या जंगलात हळू चालतात. त्यामुळे टोमॅटोत ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा सोडण्याची कार्डं, लावायचे असतील तर कपाशीइतक्या निकालाची अपेक्षा धरू नका. पानं मुरडणारा विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी एकरी १० पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या किंचित वर लावा, आणि झाड वाढेल तसे वर सरकवा. सापळा पानांत बुडाला की उपयोग संपला.

हरभरा आणि त्याची आंब

लवेचं काम जिभेवर कळावं असं पीक म्हणजे हरभरा. कोरड्या थंडीत पहाटे हरभऱ्यातून चाललं की पाय ओले होतात, चप्पल पांढुरकी पडते, ओरखड्यांवर चुरचुरतं. ती आंब. पानं, देठ, घाटे (शेंगा) यांच्यावरचे ग्रंथीचे केस मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं सोडतात. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल लहान घाटे अळीची वाढ खुंटवतं. खेड्यातल्या बायका हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणल्यावर धुवत नाहीत. धुतली की आंब निघून जाते आणि भाजी सपक लागते. अर्थात ही रीत फवारणी न झालेल्या शेतापुरतीच, फवारलेल्या शेतातली भाजी खाऊच नये.

आंब काढायची जुनी पद्धत अशी. साबणाचा अंश नसलेलं धुतलेलं मलमलचं कापड पहाटे दव असताना पिकावरून अलगद फिरवायचं किंवा रात्रभर अंथरून ठेवायचं आणि उजाडायच्या आत काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात पिळायचं. धातूचं भांडं नको, आम्ल त्याला खातं. अपचन-पोटदुखीवर ती थेंब-थेंब पाण्यात घ्यायची घरोघरची रीत आहे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ऑक्झॅलिक आम्लामुळे तिच्यापासून दूर राहावं.

शेतात तिचा उपयोग असा करा. ही आम्लं पाण्यात विरघळतात, म्हणून पाऊस किंवा तुषार सिंचन झालं की पान धुऊन निघतं. तुषार बंद करा असं कुणी सांगत नाही. पण फुलोरा आणि घाटे भरताना पाणी दिल्यावर किंवा अवकाळी पाऊस पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेत नक्की बघा. शेंड्याजवळ खसखशीच्या दाण्याएवढी, सुटी-सुटी पांढरट अंडी आणि कोवळ्या पानांचा हिरवा भाग खरवडलेला दिसतो का ते शोधा. मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या म्हणजे धोक्याची पातळी. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात ८-१० पतंग येऊ लागले की समजा, अंडी पडताहेत.

आंब असूनही घाटे का पोखरले जातात, हा प्रश्न हमखास येतो. आंब लहान अळीची वाढ मंदावते, तिला मारत नाही. अळी मोठी झाली की डोकं घाट्यात घालून आतला दाणा खाते, तिथे आंब नसते. तेव्हा उपाय अळी लहान असतानाच हवा. ५ टक्के निंबोळी अर्क तेव्हाच कामी येतो: ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारून संपवा, शिळा अर्क निकामी होतो.

हरभऱ्यात ट्रायकोकार्डवर पैसे घालू नका. आंबेमुळे ट्रायकोग्रामा या पिकात जवळजवळ टिकतच नाही. कपाशीत चाललं म्हणून इथे चालेल, हा अंदाज अनेकांना फसवतो. इथे काम करते ती कॅम्पोलेटिस नावाची गांधीलमाशी. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. पानावर लहान अळीच्या वाळक्या कातड्याशेजारी छोटा पांढुरका कोश दिसला तर ती शेतात आहे. तेव्हा तीव्र रासायनिक फवारणी आवरा. एकरी २० पक्षी थांबे, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या, पिकापेक्षा फूटभर उंच रोवा. आंबेचा त्रास न होता अळ्या वेचणारे तेच. दाणे भरून घाटे वाळायला लागले की थांबे काढा, नाहीतर पक्षी दाण्यांकडे वळतील.

तुरीच्या फुला-शेंगांवरही चिकट लव असते आणि तिथेही ट्रायकोग्रामाची हीच गत होते.

फरसबीच्या पानाचे केस आकड्यासारखे वाकडे असतात. बाल्कन देशांत पूर्वी ढेकणांसाठी रात्री पलंगाखाली घेवड्याची पानं पसरत आणि सकाळी अडकलेल्या ढेकणांसकट जाळत. १९४३ मध्ये अमेरिकेत यावर टिपण छापलं गेलं, आणि २०१३ मधल्या अभ्यासात दिसलं की आकडे ढेकणाच्या पायात आरपार रुततात. भाजीच्या वाफ्यात तुडतुड्यांची पिल्लं अशीच अडकलेली भिंगातून दिसतात.

ऊन, धूळ आणि मीठ

लव पानालगतची हवा धरून ठेवते, त्यामुळे वाऱ्याने पाणी उडायचं प्रमाण कमी होतं. पांढरी, दाट लव ऊन परतवते. कोरड्या जागी रुईचं कोवळं पान बघा, पांढऱ्या कापसी लवेने मढलेलं असतं. कोकण-गोव्याच्या खाडीत तिवराच्या पानाची खालची बाजू राखाडी दिसते ती बारीक लवेमुळे, आणि वरच्या बाजूला मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण बोटाला लागतात.

हीच लव धूळ पकडते. रस्त्याकडेच्या ओळींत लाल कोळी ही कीड आधी दिसते, कारण धुळीत तिचे शत्रू नीट फिरू शकत नाहीत. पाणी असेल तर अशा कडेच्या चार ओळींवर सकाळी साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. हरभऱ्यात हे करू नका, कारण वर सांगितलंच आहे. घरातल्या केसाळ पानांच्या कुंड्यांना मात्र पाणी बुडातूनच द्या. केसांत पाणी अडकून पान सडतं. त्यांच्यावरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा.

लवदार पानावर फवारणी

आता थेंबाची नोंद काढा. थेंब केसांवर उभा राहत असेल तर औषध पानाला न लागता घरंगळून जमिनीवर जाणार, आणि तुम्ही म्हणाल ‘औषध भेसळीचं होतं’. एक लिटर पाण्यात ०.५ मिली स्टिकर-स्प्रेडर (द्रावण पानावर पसरवून चिकटवणारं द्रव्य) घालून पुन्हा थेंब टाका. दोन-चार सेकंदांत तो पसरला तर मात्रा बरोबर. पसरला नाही तर १ मिलीपर्यंत जा, पुढे नको. जास्त स्टिकरने पानं करपतात आणि द्रावण उलट ओघळून जातं. सिलिकॉनचं स्प्रेडर असेल तर त्याच्या बाटलीवरची मात्रा पाळा, ती याहून कमी असते. आधी पाच झाडांवर फवारा, दोन दिवस थांबा, करपा नाही हे बघा आणि मग शेतात उतरा.

नोझल हॉलो कोनचं (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं), बारीक थेंबांचं घ्या आणि तोंड वर करून पानाच्या खालून मारा. रसशोषक किडी तिथेच असतात आणि कपाशीत लवही खालीच जास्त असते. वरून मारलेला हात अर्धा वाया जातो.

युरियाचा हात आवरा. जास्त नत्राने पानं मऊ, रसाळ, मोठी होतात. पान मोठं झालं की लव विरळ, आणि वर तुडतुड्यांना आयतं कोवळं जेवण. नत्र एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या.

काही झाडं खाल्ली गेल्यावर नवी पानं जास्त लवदार काढतात. मोहरी आणि रानमुळा यांत हे चांगलं दिसून आलं आहे. जुन्या पानांवर नवे केस येत नाहीत. म्हणून थोडी पानं कुरतडलेली दिसताच घाबरून औषध काढण्याआधी शेंड्याची नवी दोन पानं दुमडून उजेडाकडे धरा, केस मोजा, आठवड्याने पुन्हा त्याच झाडावर मोजा. वहीत तारीख, वाण, पिकाचं वय, शिरेजवळचा आणि पृष्ठावरचा आकडा, पानामागे किडी, आदल्या आठवड्यातला पाऊस, एवढे रकाने पुरतात. पुढच्या मे महिन्यात बियाण्याच्या दुकानात जाताना ती वही बरोबर न्या.